गोल्फ स्विंगमध्ये वजन कोणत्या पायावर असावे?

उजव्या हाताने खेळणाऱ्याने बॅकस्विंग घेताना, म्हणजे क्लब (गोल्फची काठी) मागे वर नेताना, वजन उजव्या पायावर न्यावे, मात्र ते तळव्याच्या आतल्या कडेवरच राहिले पाहिजे. ते बाहेरच्या कडेवर गेले, की कंबर वळण्याऐवजी बाजूला सरकते आणि क्लब चेंडूच्या आधी जमिनीला लागण्याचा धोका वाढतो. डाउनस्विंगची, म्हणजे क्लब चेंडूकडे खाली आणण्याची, सुरुवात हातांनी नव्हे, तर डाव्या पायाने करावी. गोल्फमधील सर्वांत मानाच्या अशा १८ मेजर स्पर्धा जिंकणारे अमेरिकन गोल्फपटू जॅक निकलॉस बॅकस्विंगमध्ये डावी टाच उचलत आणि ती पुन्हा जमिनीवर टेकवत खाली येण्यास प्रारंभ करत. ज्यांची कंबर सहज वळत नाही, त्यांनी ही पद्धत अवश्य करून पाहावी, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. सरावासाठी चेंडू न ठेवता संथ स्विंग करा आणि शेवटच्या स्थितीत तीन सेकंद थांबा. त्या वेळी जवळजवळ सगळे वजन डाव्या पायावर असावे, उजव्या बुटाचे फक्त टोक जमिनीला टेकलेले असावे आणि मागे उभ्या असलेल्या व्यक्तीला त्या बुटाचा संपूर्ण तळ दिसावा. तोल मागे जात असेल, तर वेग कमी करून पुन्हा स्विंग करा.