मित्राला त्रैक्य समजावताय? या चुका टाळा

दर नाताळानंतर आमच्या मंडळीतल्या (चर्चमधल्या) पोरांना मित्रांना ‘सगळं समजावून सांगायचा’ उत्साह चढतो, त्यातही त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र येशू आणि पवित्र आत्मा हे तिघं मिळून एकच देव. आणि दरवर्षी त्याच चुका. बहुतेक मीही केल्यात, म्हणून चिडायचा हक्क आहे.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे पाणी-बर्फ-वाफ. संडेस्कूलमध्ये हा दाखला फार गोड वाटतो. नागपूरच्या सदर भागात तर्री-पोह्याच्या ठेल्यावर मीही एका मित्राला तो ऐकवला: पाणी एकच, रूपं तीन. त्याला मत्तयाचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधली येशूची एक कथा, मीच दिलं होतं आणि दुर्दैवाने त्याने ते वाचलं होतं. येशूच्या बाप्तिस्म्याचा प्रसंग काढून म्हणाला, “काहून बे, येशू नदीत उभा, वरून बाप बोलून राहिला, आत्मा कबुतरासारखा उतरून राहिला. तिघं एकाच वेळी! तुझं पाणी एकाच वेळी बर्फ अन् वाफ कसं होते?”

माझी तर्री गार झाली. (त्रिबिंदूचं, म्हणजे बर्फ-पाणी-वाफ एकत्र राहतात त्या स्थितीचं, भौतिकशास्त्र काढू नका, तिथेही एकच थेंब तिन्ही नसतो.) पुढे कळलं, मी सांगत होतो ते, म्हणजे एकच देव आळीपाळीने तीन रूपं घेतो हे, तिसऱ्या शतकातल्या साबेल्लियस नावाच्या शिक्षकाचं मत, जे चर्चने तेव्हाच नाकारलं होतं. म्हणजे पाखंड शिकवत होतो, तेही पोह्यांचे पैसे स्वतः देऊन.

आता मी दाखला देतच नाही. सरळ सांगतो, एकच देव मानणाऱ्या यहुदी शिष्यांनी येशूला पित्याची प्रार्थना करताना पाहिलं आणि त्यांच्यातल्याच थोमाने त्याच येशूला ‘माझा देव’ म्हटलं. यातलं काहीच सोडून देता येईना, म्हणून शब्द शोधावे लागले. सन ३२५ ला नायसियात (आजच्या तुर्कस्तानात) यावरच बिशप जमले, तरी वाद मिटला नाही. आणि तुम्ही एका प्लेटीत उरकणार?

दुसरी चूक शब्दांची. दीक्षाभूमीच्या शहरात राहून बौद्ध मित्रापुढे बेधडक ‘पवित्र आत्मा’ म्हणायचं! त्याच्या शिकवणीत नित्य आत्मा नाहीच, तो तिथेच अडकतो. मूळ ग्रीक शब्द ‘न्युमा’, म्हणजे श्वास, वारा. मी श्वासापासून सुरुवात करतो. हिंदू मित्र “येशू म्हणजे तुमचा अवतारच ना?” म्हणाला की गोडी टिकावी म्हणून आपण मान डोलावतो. तसं करू नका. देहधारण, म्हणजे देवाचं माणूस होणं, एकदाच झालं, आणि पुनरुत्थानानंतरही त्या हातांवर जखमा होत्या, हे तेव्हाच सांगा.

‘बायबलमध्ये लिहिलंय’ हा पुरावा नव्हे, त्याला तेच तर पटलेलं नसतं.

मित्राचे वडील आयसीयूत असताना दुःखाचं तत्त्वज्ञान नको. डबा न्या.

नाताळच्या केकला बोलावून प्रवचन? नाही म्हणजे नाही.

आणि घाई. परवा एक जण कुरकुरत होता, “महिना झाला, त्याला पटतच नाही.” नागपूरहून राजनांदगावला जाताना कवी ना. वा. टिळकांना रेल्वेत एका अनोळखी प्रवाशाने नवा करार दिला, १८९३ मध्ये. त्यांचा बाप्तिस्मा झाला १८९५ ला, पत्नी लक्ष्मीबाईंचा त्यानंतर पाच वर्षांनी. तो प्रवासी काही रोज विचारायला येत नव्हता.

माझ्या पोहेवाल्या मित्राला अजून पटलेलं नाही. मागच्या रविवारी विचारत होता, देवाचा पुत्र होता तर अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशू इतका व्याकूळ काहून झाला? मी म्हटलं, वाचून सांगतो.