क्लासवाल्या सरांचा पाय नसतो तेव्हा: नव्या ड्रायव्हरांनो, या चुका टाळा

माझा ड्रायव्हिंगचा क्लास संपला तेव्हा मला वाटलं, चला, गाडी आली आपल्याला. पुण्यातल्या कर्वे रोडने नळस्टॉपपर्यंत जाऊन आले होते, एकदाही बंद पडली नव्हती, सर पण म्हणाले हात छान बसलाय. मग चार दिवसांनी घरची गाडी काढली आणि महात्मा सोसायटीच्या चढावर तीनदा बंद पडली, चौथ्यांदा मागे घरंगळली, मागे स्कूटरवर एक काका होते ते काही न बोलता स्कूटर घेऊन बाजूला झाले. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की क्लासच्या गाडीत सरांच्या पायाशी पण क्लच आणि ब्रेक असतो, आणि माझी निम्मी गाडी तेच चालवत होते, मला न सांगता.

त्यामुळे पहिली चूक क्लासमध्येच होते. शेवटचे दोन-तीन दिवस सरांना सरळ सांगा, सर पाय मागे घ्या, बंद पडली तर पडू दे. आणि एक दिवस चढावरच घालवा, सपाट रस्त्यावर काय कुणीही चालवतं.

चढावर गाडी मागे जाते कारण आपण ब्रेकवरचा पाय घाईघाईत अॅक्सिलरेटरवर नेतो आणि तेवढ्यात क्लच पकडलेला नसतो. उपाय हँडब्रेक. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर, क्लच हळूहळू सोडत या, एका जागी इंजिनचा आवाज जड होतो आणि बॉनेट जरासं वर उचलल्यासारखं वाटतं, तिथे पाय थांबवा, थोडी रेस द्या, मग हँडब्रेक सोडा. नव्या गाड्यांत हिल होल्ड, म्हणजे चढावर ब्रेक आपोआप धरून ठेवणारी सोय असते, पण ते दोन-एक सेकंदच धरतं, त्याच्या भरवशावर राहू नका. आणि बंद पडलीच तर आधी ब्रेक, मग क्लच पूर्ण दाबून न्यूट्रल, मग स्टार्टर. मागचे हॉर्न वाजवणारच, पुण्यात सिग्नल हिरवा व्हायच्या आधीपासून वाजवतात, त्यात तुमचा काय दोष. घाबरून गिअरमध्येच क्लच न दाबता स्टार्टर मारला तर गाडी उडी मारते आणि पुढची रिक्षा तिथेच असते.

जळका वास आला तर समजा क्लच प्लेट तापली. ट्रॅफिकमध्ये हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धाच दाबून, गाडी तोलून धरायची सवय फार जणांना लागते, सिंहगड रोडला संध्याकाळी गेलात की आपोआपच लागते. गाडी थांबली की न्यूट्रल करा आणि पाय क्लचवरून खाली ठेवा. वास येतच असेल तर बाजूला घेऊन दहा-पंधरा मिनिटं थांबा, चहा प्या.

आता जी चूक मला सगळ्यात जास्त सांगायचीय ती. थांबायचं म्हटलं की नवशिका आधी क्लच दाबतो आणि मग ब्रेक. मी पण तेच करायचे, कारण गाडी बंद पडायची भीती. पण क्लच दाबला की इंजिन चाकापासून सुटतं, म्हणजे इंजिन जे गाडीला मागे ओढून धरत असतं ते बंद, आणि गाडी नुसती सुटल्यासारखी पळते. आधी ब्रेक, वेग अगदी कमी झाला की शेवटी क्लच. हे हाडात मुरेपर्यंत रिकाम्या रस्त्यावर करा.

उतारावर याच चुकीची मोठी बहीण म्हणजे न्यूट्रल. नव्या कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार पुणेकरांना वेगळा सांगायला नको, तिथे ब्रेक न लागलेल्या ट्रकच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतोय, 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री तर एका ट्रकने कितीतरी गाड्या ठोकल्या होत्या. लांब उतारावर न्यूट्रल टाकलं की सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. कारचंही गणित तेच. शिवाय पेट्रोल वाचवायला इंजिनच बंद केलं तर ब्रेक दगडासारखा कडक होतो आणि स्टेअरिंग जड. आजकालच्या इंजेक्शनवाल्या गाड्या गिअरमध्ये उतरताना इंधन जवळपास बंदच करतात, त्यामुळे वाचत काहीच नाही. सिंहगडाच्या घाटात ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं, पहिला म्हणजे पहिला, दुसरा म्हणजे दुसरा. आणि अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, हा नियमच आहे, उपकार नाही. पण सांगते, पहिला महिनाभर घाटात जाऊच नका, पिठलं-भाकरी कुठे पळून जात नाही.

डावीकडे वळताना इंडिकेटर दिला की काम झालं असं वाटतं. नाही हो. इंडिकेटर बघून टू-व्हीलरवाला उलट घाईने डावीकडून घुसतो, की ही वळायच्या आत मी निघतो. आरसा बघा, मग मान वळवून बघा, कारण दाराच्या मागच्या भागात आख्खी अॅक्टिव्हा लपते आणि आरशात दिसत नाही. आधीपासूनच डाव्या कडेला या, मध्ये स्कूटरएवढी जागा ठेवू नका. पार्क केल्यावर उजवं दार डाव्या हाताने उघडायची सवय लावा, शरीर आपोआप मागे वळतं आणि मागून येणारा दिसतो.

अंतराचं थोडक्यात: 50 च्या स्पीडला एका सेकंदात गाडी जवळजवळ 14 मीटर जाते, आणि ब्रेकवर पाय जायलाच एक सेकंद लागतो. पुढच्या गाडीपासून तीन सेकंद अंतर ठेवा. त्या जागेत कोणीतरी घुसणारच, घुसू दे, परत थोडे मागे राहा. इमर्जन्सीत, गाडीला एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी सिस्टिम) असेल तर ब्रेक एकदाच जोरात दाबून धरा, पायाखाली थरथर होते ती बघून पाय उचलू नका, ते सिस्टिम काम करतेय म्हणून होतं.

पावसात काच आतून धुरकट झाली तर एसी लावा आणि हवा पुढच्या काचेवर सोडा, फडक्याने पुसत चालवू नका. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर परत स्टार्ट करायची नाही, इंजिनमध्ये पाणी गेलेलं असलं तर इंजिनच जातं. ढकला.

कागदाचं पण बघून घ्या. लर्निंग 6 महिने चालतं, पक्क्यासाठी 30 दिवसांनंतर अर्ज करता येतो. तोवर शेजारी पक्कं लायसन्सवाला माणूस हवा, मागच्या सीटवर बसलेल्या सासूबाईंकडे लायसन्स असून उपयोग नाही. पांढऱ्यावर लाल एल पुढे आणि मागे, दोन्हीकडे लावा. लाजू नका, उलट तो बघून लोक जरा लांब राहतात, निदान काही लोक. शेजारी नवरा नको हे माझं वैयक्तिक मत, माझा नवरा काही न बोलता नुसता दाराचं हँडल घट्ट धरायचा आणि मी रस्त्याऐवजी त्याच्या हाताकडे बघायचे. शेवटी दादाला बसवलं, रविवारी सकाळी साडेसहाला, पेठा सोडून, कारण शिवाजी रोड आणि बाजीराव रोड एकमेकांच्या उलटे वनवे आहेत आणि पहिल्याच दिवशी ते नको.

राहिलं एकच, निघायच्या आधी पायाशी बघा. पाण्याची बाटली घरंगळून ब्रेकखाली गेली तर ब्रेक दाबलाच जात नाही, आणि सैल चप्पल पॅडलला अडकते. माझी एक जुनी सँडलची जोडी आता कायम गाडीत असते, बाटली दाराच्या कप्प्यात.