ब्रिटनला जाताना थायरॉइडच्या उपचारांची घडी कशी बसवावी

थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावलेल्या आणि रोज लेव्होथायरॉक्सिन या थायरॉइड संप्रेरकाची गोळी घेणाऱ्या माणसाने इंग्लंडला जाताना बॅगेत वर्षभराच्या बाटल्या भराव्यात, असा सल्ला घरोघरी दिला जातो. मीही तेच केले होते. बाटल्या संपल्या की भारतातून येणाऱ्या कोणाकडून तरी नव्या मागवायच्या, असे दीड वर्ष चालले. गोळी रोज पोटात जात होती, पण रक्त कोणी तपासत नव्हते. थकवा आणि केसगळती यांचे खापर मी थंडीवर आणि लवकर पडणाऱ्या अंधारावर फोडले. शेवटी तपासणी केली, तेव्हा टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडू लागला की रक्तात वाढणाऱ्या संप्रेरकाचा आकडा, ९ च्या वर गेलेला निघाला. म्हणून सांगते, सुमारे तीन महिन्यांच्या गोळ्या बरोबर न्याव्यात आणि तेवढ्या अवधीत तिथल्या डॉक्टरांकडे उपचार सुरू करावेत.

निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून एक पत्र घ्यावे. निदान केव्हा झाले, सध्याची मात्रा किती, शेवटचा टीएसएच किती आणि अँटीबॉडीची तपासणी झाली असल्यास तिचा निष्कर्ष काय, हे त्यात असावे. औषधाचे नाव केवळ ब्रँडचे न लिहिता 'लेव्होथायरॉक्सिन सोडियम' असे लिहून घ्यावे, कारण थायरोनॉर्म हे नाव तिथल्या डॉक्टरांना ओळखीचे असेलच असे नाही. गोळ्या मूळ बाटलीतच आणि हातातल्या सामानात ठेवाव्यात. प्रकाश, उष्णता आणि दमटपणा यांनी हे औषध खराब होते, त्यामुळे ते छोट्या डबीत काढून ठेवू नये.

पोहोचल्यावर घराजवळच्या जीपी सर्जरीत, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरांकडे, पहिल्याच आठवड्यात नाव नोंदवावे. नोंदणीला पैसे पडत नाहीत आणि ती करण्यासाठी आजारी पडण्याची वाट पाहायची नसते. इंग्लंडमध्ये प्रत्येक औषधामागे ठराविक शुल्क द्यावे लागते, पण थायरॉइड संप्रेरकाची गोळी कायम लागणाऱ्या रुग्णाला त्यातून सूट आहे. त्यासाठी सर्जरीतून एफपी ९२ ए हा फॉर्म मागून घ्यावा. मिळणारे प्रमाणपत्र साधारणपणे पाच वर्षे चालते आणि ते केवळ थायरॉइडच्या गोळीला नव्हे, तर डॉक्टरांनी लिहून दिलेल्या सगळ्याच औषधांना लागू होते. ही गोष्ट आपणहून कोणी सांगेलच असे नाही, म्हणून स्वतः विचारावे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये असे शुल्कच नाही.

रिपोर्ट वाचताना मात्र गोंधळ होतो. टीएसएचचा आकडा दोन्ही देशांत सारखाच वाचायचा असतो, कारण एकके वेगळी दिसली तरी मूल्य तेच असते. फ्री टी-४, म्हणजे रक्तातले प्रत्यक्ष थायरॉइड संप्रेरक, याचे तसे नाही. भारतात तो बहुधा नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, तर ब्रिटनमध्ये पिकोमोल प्रति लिटरमध्ये देतात. भारतातल्या आकड्याला सुमारे १२.९ ने गुणले की तिथला आकडा मिळतो. म्हणजे इथला १.२ तिथे साधारण १५.५ दिसतो. ही पट माहीत नसल्यामुळे माझ्या मैत्रिणीने पहिला रिपोर्ट पाहून रडत फोन केला होता.

गोळ्यांच्या मात्राही जुळतील असे नाही. माझी ६२.५ मायक्रोग्रॅमची गोळी तिथे मिळाली नाही, तेव्हा डॉक्टरांनी एक दिवस ५० आणि दुसऱ्या दिवशी ७५ अशी योजना करून दिली. या औषधाचे अर्धआयुष्य, म्हणजे शरीरातले औषध निम्मे व्हायला लागणारा वेळ, जवळजवळ सात दिवसांचे असल्यामुळे अशी सरासरी चालते, पण ती डॉक्टरांनीच ठरवावी. मात्रा बदलल्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासावे, त्याआधीचा आकडा फसवा असू शकतो. एकदा स्थिरता आली की वर्षातून एक तपासणी सहसा पुरते. दर महिन्याला फार्मसीतून वेगळ्या कंपनीची गोळी हातात पडू लागली आणि त्याने त्रास जाणवला, तर तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. एकाच कंपनीची गोळी लिहून देण्याचा विचार ते करू शकतात.

गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा, कॉफी किंवा नाश्ता निदान अर्ध्या तासाने करावा. ही गोळी आणि लोह किंवा कॅल्शियमची गोळी यांत चार तासांचे अंतर ठेवावे. केसांसाठी बायोटिन घेत असल्यास तपासणीपूर्वी ते सांगावे, कारण त्याने रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. गर्भधारणा झाल्याचे कळताच त्याच दिवशी सर्जरीला फोन करावा. त्या काळात मात्रा बहुधा वाढवावी लागते आणि ती लवकर वाढवणे बाळाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे असते. छातीत धडधड, हातांना कंप किंवा अकारण वजन घटणे ही मात्रा जास्त होत असल्याची चिन्हे असू शकतात. तीही लगेच कळवावीत.

सुट्टीत भारतात येताना पुरेशा गोळ्या आधीच मागून घ्याव्यात. वेळेच्या फरकाची चिंता नको, इथल्या सकाळी गोळी घेतली तरी चालते. भारतात रक्त तपासले, तर तो रिपोर्ट परतल्यावर सर्जरीत द्यावा, म्हणजे मात्रेचा निर्णय एकाच डॉक्टरांच्या हाती राहतो.