सिटकॉममध्ये सेलिब्रिटी पाहुणा आणताय? या चुका टाळा

प्रोमो आठवडाभर वाजतात. त्या रात्री प्रेक्षकही वाढतात. पण महिनाभराने त्या एपिसोडचा विषय काढला तर लोक एवढंच सांगतात, ‘हो, तो अमका आला होता ना त्यात!’ आला होता, मग पुढे काय झालं? ते कुणालाच आठवत नसतं. सिटकॉममध्ये (हलक्याफुलक्या विनोदी मालिकेत) नावाच्या जोरावर पाहुणा आणायचा, म्हणजे ज्याला धंद्यात स्टंट कास्टिंग म्हणतात ते करायचं, तर हमखास होणारा घोळ हाच.

यामागचं गणित आधी पाहू. अमेरिकेत नील्सन कंपनीची ‘स्वीप्स’ची पद्धत होती. फेब्रुवारी, मे, जुलै आणि नोव्हेंबर या चार महिन्यांतल्या प्रेक्षकसंख्येवर स्थानिक वाहिन्यांचे जाहिरातीचे दर ठरायचे. साहजिकच मालिकांमधली लग्नं, बाळंतपणं आणि बडे पाहुणे नेमके त्याच महिन्यांत उगवायचे. पुढे येणाऱ्या तारखा बघत जा, फेब्रुवारी आणि नोव्हेंबर किती वेळा येतात ते कळेल. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. चॅनेलला आकडा हवा असतो, पाहुणा तो आणून देतो. पण आकड्यासाठी आलेल्या माणसाला लेखकाने कामाला लावलं नाही, की नाकापेक्षा मोती जड झालाच म्हणून समजा.

पाहुणा आला, पण आपल्या माणसाचं काय झालं?

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. लेखक डोकं लढवतात ते पाहुणा घरात कसा शिरणार यावर. गाडी बंद पडली, पत्ता चुकला, सामान बदललं. खरं तर येण्याचं कारण कितीही साधं असलं तरी प्रेक्षक ते चालवून घेतो. तो आल्यावर आपल्या नेहमीच्या पात्राची जी तारांबळ उडते, ती इतर कुणाच्या येण्याने उडाली असती का, हे खरं पाहायचं.

‘ऑल इन द फॅमिली’चा 19 फेब्रुवारी 1972 चा एपिसोड घ्या. आर्ची बंकर हा तोंडाचा फटकळ गोरा माणूस. काळे, ज्यू, परदेशी, सगळ्यांबद्दल त्याच्या मनात अढी. जोडीला तो टॅक्सी चालवतोय आणि गायक-नट सॅमी डेव्हिस ज्युनियर त्याच्या टॅक्सीत ब्रीफकेस विसरतात. ती न्यायला ते आर्चीच्या घरी येतात. कारण एवढंच. पण सॅमी कृष्णवर्णीय, त्यात ज्यू धर्म स्वीकारलेले, म्हणजे आर्चीच्या दोन अढी एकाच माणसात. आणि माणूस एवढा प्रसिद्ध, की आर्चीला त्याच्यापुढे पुढे केल्याशिवाय राहवत नाही. भारावूनही जायचंय आणि कमीही लेखायचंय, अशी त्याची ओढाताण अख्खा एपिसोड चालते. शेवटी फोटोची वेळ येते. दोघं शेजारी उभे राहतात, तीन आकडे मोजले जातात आणि तिसऱ्या आकड्याला सॅमी वळून आर्चीच्या गालाचा मुका घेतात. स्टुडिओतला हशा थांबता थांबत नाही. तो आहे आर्चीच्या चेहऱ्याला. मुका नुसतं निमित्त. दिग्दर्शक जॉन रिच यांना या एपिसोडसाठी एमी हे टीव्हीचं मोठं पारितोषिक मिळालं, ते काही पाहुण्याच्या नावाला मिळालेलं नव्हतं.

दुरुस्ती सोपी आहे, फक्त लेखनाच्या पहिल्याच बैठकीत करावी लागते. कागदावर पाहुण्याचं नाव खोडा आणि त्याजागी लिहा, ‘आमच्या अमक्याची दुखरी नस दाबणारा माणूस’. तरीही गोष्ट उभी राहिली तर पुढे जा. ‘फ्रेंड्स’चा 28 जानेवारी 1996 चा एपिसोड सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यानंतर दाखवला गेला आणि 5 कोटींहून जास्त लोकांनी पाहिला. त्यात ज्युलिया रॉबर्ट्स आहे. तिच्या पात्राची चँडलरने शाळेत सगळ्यांसमोर फजिती केलेली असते, तो जुना हिशेब ती आता चुकता करते आणि त्याला जवळपास उघडा करून हॉटेलच्या स्वच्छतागृहात सोडून जाते. तिच्याजागी अनोळखी नटी असती तरी सूड तेवढाच हसवून गेला असता. त्याच एपिसोडमध्ये ज्याँ-क्लोद व्हॅन डॅमही आहे. मोनिका आणि रेचेल त्याच्यावरून भांडतात. माझ्या मते भांडण मजेदार आहे, पण व्हॅन डॅमच्या जागी दुसरा कुठलाही देखणा माणूस चालला असता. दोन पाहुण्यांमधला फरक तिथेच कळतो.

विनोदाचे सगळे पंच पाहुण्याला

पाहुणा मोठा, मानधन मोठं, म्हणून चांगले संवादही त्यालाच द्यायचे, हा दुसरा मोह. ‘आय लव्ह लूसी’च्या लेखकांनी 1955 सालीच याच्या नेमकं उलट करून दाखवलं. 7 फेब्रुवारीच्या एपिसोडमध्ये लूसी हॉलिवूडच्या ब्राउन डर्बी रेस्तराँमध्ये जेवायला बसते आणि शेजारच्या टेबलाशी विल्यम होल्डन असतो. ती त्याच्याकडे टक लावून पाहत राहते. वैतागून तोही तिच्याकडे तसंच पाहायला लागतो आणि स्पॅगेटी खाताना तिची पंचाईत होते. पळताना तिच्या धांदलीमुळे वेटरच्या हातचा ‘पाय’ हा गोड पदार्थ होल्डनच्या अंगावर सांडतो. पुढे होल्डन तिच्या नवऱ्याबरोबर हॉटेलच्या खोलीवर येतो, तेव्हा ओळखू येऊ नये म्हणून तिने पुट्टीचं (मऊ लगद्याचं) खोटं नाक लावलेलं असतं. होल्डन सभ्यपणे तिची सिगारेट पेटवायला जातो आणि नाकच पेटतं.

या सगळ्यात होल्डन करतो काय? जेवतो, बघतो, सिगारेट पेटवतो. एवढ्या मोठ्या नटाला त्यांनी गंभीर चेहऱ्याने समोर बसवलं आणि हशा सगळा लूसीला दिला. प्रेक्षक पुढच्या आठवड्यात लूसीलाच बघायला येणार होते, होल्डनला नाही.

पाहुणा नट नसेल तर हे जास्तच पाळायला हवं. खेळाडू, नेते, शास्त्रज्ञ यांना लांबलचक विनोदी संवाद दिले की ते पाठांतर म्हणून दाखवतात. ‘द बिग बँग थिअरी’त एप्रिल 2012 मध्ये स्टीफन हॉकिंग आले. त्यांना करायचं होतं फक्त एक काम, शेल्डनच्या शोधनिबंधातली अंकगणिताची चूक दाखवणं. ज्या माणसाची कधी चूकच होत नाही, तो ते ऐकून जागच्या जागी कोसळतो. ‘साइनफेल्ड’ने 12 फेब्रुवारी 1992 ला बेसबॉलपटू कीथ हर्नांडेझला आणलं आणि तासाभराच्या एपिसोडमध्ये सगळी नाटकं इतरांना करायला लावली. जेरी त्याच्याशी मैत्री करताना नव्या प्रेमात पडल्यासारखा अस्वस्थ होतो. क्रेमर आणि न्यूमन त्याच्यावर थुंकल्याचा आरोप करतात. हर्नांडेझच्या वाट्याची सगळ्यात गाजलेली ओळ तर त्याच्या मनातलं बोलणं आहे. गाडीत इलेनशेजारी बसलेला असताना चुंबन घ्यावं की नको असा विचार करत तो स्वतःला धीर देतो, ‘मी कीथ हर्नांडेझ आहे.’ रेकॉर्ड केलेल्या आवाजावर अवघडलेपण लपतं, शिवाय हवा तसा टेक घेता येतो. नट नसलेल्या पाहुण्यासाठी ही युक्ती लिहून ठेवण्यासारखी आहे.

टाळ्यांनी सीन खाल्ला

प्रेक्षकांसमोर शूट होणाऱ्या सिटकॉमचा हा खास आजार. दार उघडतं, तारा दिसतो, लोक किंचाळतात आणि नट चेहऱ्यावर हसू धरून शांत होण्याची वाट बघत उभे राहतात. अर्ध्या तासाच्या स्लॉटमधून जाहिराती वजा जाता हातात वीस-बावीस मिनिटं उरतात, त्यात ही वाट पाहणं परवडत नाही. त्याहून वाईट म्हणजे गोष्टीतली माणसं अनोळखी माणसाला भेटत असतात आणि हॉल मात्र सुपरस्टारला भेटत असतो. तिथे प्रेक्षक गोष्टीबाहेर पडतो.

उपाय बरेच आहेत. पाहुण्याला दारातून आणूच नका, सीन सुरू होतानाच तो बसलेला दाखवा. किंवा टाळ्या संपल्यावर येणारी पहिली ओळ बिनमहत्त्वाची ठेवा, पंच तिसऱ्या ओळीला द्या. किंवा भारावून जाणंच पात्राच्या गळ्यात मारा. ‘विल अँड ग्रेस’ने नोव्हेंबर 2000 मध्ये गायिका-नटी शेर हिला आणलं तेव्हा जॅकला, जो तिचा परम भक्त, ती खरी शेर वाटतच नाही. तो तिला नक्कल करणारा पुरुष समजतो आणि तिलाच शेर कशी करायची ते शिकवायला लागतो. हॉलमधल्या सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट एकट्या जॅकला माहीत नाही, त्यामुळे टाळ्यासुद्धा विनोदाच्या कामी आल्या.

पाहुण्याची प्रतिमा जपायची म्हणून

पाहुण्याच्या बाजूने सूचना येतात. हे बोलणार नाही, तसा दिसणार नाही, मला सगळ्यांनी चांगलं म्हणावं. सगळं मान्य केलं की पडद्यावर संत उभा राहतो, आणि संतावर हसता येत नाही. ब्रिटिश मालिका ‘एक्स्ट्राज’चा पायाच याच्या उलट होता. तिथे आलेले तारे स्वतःची मुद्दाम वाईट बाजू दाखवतात. 2005 मध्ये केट विन्स्लेट ननच्या वेशात बसून सांगते, ज्यूंच्या हत्याकांडावरचा चित्रपट केला की ऑस्कर मिळतंच. (पुढे 2009 मध्ये तिला ऑस्कर मिळालं ते त्याच विषयाशी जोडलेल्या भूमिकेला. असा योग कुणी लिहून आणू शकत नाही.) 2006 मध्ये गायक डेव्हिड बोवीपुढे नायक अँडी आपलं रडगाणं गातो. बोवी पियानोकडे वळतो आणि त्या रडगाण्यावरूनच त्याची टिंगल करणारं गाणं तिथल्या तिथे रचतो. अख्खी मैफल कोरसला. पाहुणा खलनायक झाला तरी चालेल, पण गुळमुळीत नको.

संदेश द्यायला आलेला पाहुणा हा याचाच भाऊबंद. मार्च 1983 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी नॅन्सी रेगन ‘डिफरन्ट स्ट्रोक्स’मध्ये आल्या, अमली पदार्थांविरुद्धची मोहीम घेऊन. मोहिमेला त्याचा उपयोग झाला असेल, पण त्या बोलायला लागतात तेव्हा सिटकॉम बाजूला होऊन उभं राहतं. याउलट ‘पार्क्स अँड रिक्रिएशन’मध्ये जो बायडन आले तेव्हा ते उपराष्ट्राध्यक्ष होते. नायिका लेस्लीला ते इतके आवडतात की समोर आल्यावर तिची बोबडीच वळते. राजकीय भाषण शून्य. वेळही सांभाळली होती, शूटिंग निवडणुकीआधी झालं, प्रक्षेपण मात्र मतदान उरकल्यावर, 15 नोव्हेंबर 2012 ला.

एकाच एपिसोडमध्ये जत्रा

‘द ऑफिस’च्या सातव्या सीझनचा मे 2011 चा शेवट पाहा. बॉसच्या जागेसाठी मुलाखती, आणि उमेदवार कोण? विल आर्नेट, रे रोमानो, जिम कॅरी, कॅथरिन टेट, जेम्स स्पेडर, रिकी जर्व्हेस, वर उद्योगपती वॉरन बफे. एकेक जण झकास. पण साध्या कागद कंपनीत घडणारी ही गोष्ट, तिला ‘इथली माणसं खरी आहेत’ या भासावरच उभं राहायचं असतं. सात ओळखीचे चेहरे ओळीने आले की तो भास जातो. गंमत म्हणजे याच मालिकेने 1 फेब्रुवारी 2009 ला सुपर बोलनंतरच्या एपिसोडमध्ये यावर उत्तर शोधलं होतं. जॅक ब्लॅक, जेसिका अल्बा आणि क्लोरिस लीचमन यांना ऑफिसात आणलंच नाही. ते ऑफिसातल्या मंडळींनी बघितलेल्या पायरेटेड चित्रपटात होते. नावं प्रोमोत आली, ऑफिस ऑफिसच राहिलं.

गर्दी करायचीच असेल तर गर्दीचीच गोष्ट करा. ‘द सिम्पसन्स’ या कार्टून मालिकेने 20 फेब्रुवारी 1992 ला एकदम नऊ खरे बेसबॉलपटू आणले, कारण कथा तीच होती. अणुवीज केंद्राचा मालक सामना जिंकायला व्यावसायिक खेळाडू भरतो, मग एकेक करत आठ जण भलत्याच कारणांनी गारद होतात. प्रत्येकाला दोन-चार ओळी आणि एक झकास दुर्दैव.

दिसलाच पाहिजे असं कुठे आहे?

पाहुण्याचं नाव वापरायचं म्हणजे त्याला कॅमेऱ्यासमोर उभं करायचं, असं नाही. ‘फ्रेझियर’मध्ये नायकाच्या रेडिओ कार्यक्रमात फोन करणाऱ्या श्रोत्यांचे आवाज नामवंतांचे असायचे. ते कोण, हे सीझनच्या शेवटी श्रेयनामावलीतच कळायचं. ‘थर्टी रॉक’मध्ये नोव्हेंबर 2008 मध्ये नायिका लिझ गोळ्यांच्या अमलाखाली विमानात ओप्रा विन्फ्रीशी मनमोकळं बोलते, आणि नंतर कळतं की शेजारी बसलेली बारा वर्षांची मुलगी होती. ‘बिग बँग’मध्ये ‘स्टार ट्रेक’मधला नट लिओनार्ड निमॉय याची सही असलेला नॅपकिन शेल्डनला भेट मिळतो. निमॉय त्या एपिसोडमध्ये कुठेच नाही, पण शेल्डनला आलेलं भरतं मालिकेतल्या कित्येक खऱ्या पाहुण्यांपेक्षा सरस आहे.

उरलेल्या दोन गोष्टी झटपट. चालू आठवड्याच्या बातमीवर विनोद रचू नका, सिटकॉम वर्षानुवर्षं पुन्हा दाखवली जातात. नोव्हेंबर 2001 मध्ये ब्रॅड पिट ‘फ्रेंड्स’मध्ये आला तेव्हा तो रेचेल साकारणाऱ्या जेनिफर अ‍ॅनिस्टनचा नवरा होता, पण लेखकांनी त्याला शाळेपासून रेचेलचा द्वेष करणारा मुलगा केलं. 2005 मध्ये लग्न मोडलं, तरी विनोदाला धक्का लागला नाही. आणि पाहुण्याची एकच तारीख मिळणार असेल तर त्याचे सगळे सीन एका सेटवर बसवा, आणि एपिसोडचा कणा असा ठेवा की ते सीन कापावे लागले तरी तो मोडणार नाही. ‘साइनफेल्ड’मध्ये न्यूयॉर्क यँकीजचे मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर हे पात्र कायम पाठमोरं दिसायचं, आवाज मालिकेच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या लॅरी डेव्हिडचा. सातव्या सीझनच्या शेवटासाठी खरे स्टाइनब्रेनर आले, शूटिंगही झालं. ते सीन प्रक्षेपणात घेतलेच नाहीत. पुढचे दोन सीझनही पाठमोऱ्या पात्रावर आणि डेव्हिडच्या बडबडीवरच निभावले.