डिस्क घ्यायची की डाउनलोड?

पीएस५ (प्लेस्टेशन ५) या गेम कन्सोलवर डिस्कचा गेमही स्टोरेजमध्ये इन्स्टॉल होतोच, वर खेळताना डिस्क आत लागते. म्हणजे डिस्क घेऊन जागा काही वाचत नाही. मग वाटणी अशी करा:

१. रोज थोडा थोडा खेळायचा गेम (फुटबॉल, रेसिंग) डिजिटल, म्हणजे डाउनलोडचा घ्या. डिस्क बदलायला उठणं नको. घाई नसेल तर विशलिस्टमध्ये टाकून सेलची वाट बघा.

२. गोष्ट संपली की विषय संपला, असा गेम डिस्कवर घ्या आणि लगेच विका. रेंगाळलात की भाव पडतो. डिजिटल गेम विकताच येत नाही.

निन्टेन्डो स्विच २ वाल्यांनो, डब्यावर 'गेम-की कार्ड' लिहिलंय का बघा. त्या कार्डात गेम नसतो. डाउनलोड करावाच लागतो, आणि खेळताना कार्डही लागतं!