कंद लावताना जुलै डोळ्यांपुढं ठेवा

फेब्रुवारी सरता सरता रोपवाटिकांत फुटबॉल लिलीचे, निशिगंधाचे कंद दिसायला लागतात आणि हात शिवशिवतात. त्याआधी ही तयारी वाचा. गेल्या खेपेला यातलं एकच राहिलं आणि पावसाळ्यात अख्खा वाफा सडला, म्हणून ते इथं सारखं येणार: पाणी जाणार कुठं?

लावणीच्या वेळी जमीन कोरडी ठणठणीत असते, त्यामुळं हा प्रश्न सुचतच नाही. आपल्याकडं कोल्हापुरात मे महिन्यात वळीव झोडपतो, मग जूनपासून चार महिने झड. पंचगंगेकाठची काळी माती पाणी धरून बसते आणि कंद खालून कुजतो. वरची पानं पिवळी पडेपर्यंत काही कळत नाही. म्हणून कंद विकत आणायच्या आधी फूटभर खड्डा काढा आणि पाण्यानं भरा. जिरलं की पुन्हा भरा. सकाळी भरलेलं हे दुसरं पाणी संध्याकाळी तसंच दिसलं, तर तिथं सपाट वाफा करायचा नाही. आठ-दहा इंच उंच गादीवाफा करा आणि बाजूनं चर काढून ती उताराला नेऊन सोडा. नुसता गादीवाफा पुरत नाही, चर हवीच. आणखी एक, काळ्या मातीत खड्डा घेऊन त्यात वाळू भरू नका. चारी बाजूंचं पाणी त्या खड्ड्यात उतरतं आणि कंद टाकीत बसल्यासारखा बसतो. पन्हाळ्याकडच्या तांबड्या मातीत जरा सुटका आहे, तरी खड्डा भरून बघाच.

कुंडीत लावणार असाल तर भोक मोकळं ठेवा, कुंडी विटांवर चढवा आणि पावसाळ्यात खालची ताटली काढून टाका. पाणी जाणार कुठं, हे कुंडीलाही विचारायचं.

कंद दाबून कडक लागेल तोच घ्या. बुडाशी मऊ असेल तर फुकटही नको. निशिगंधात ‘शृंगार’ एकेरी पाकळ्यांची, ‘सुवासिनी’ दुहेरी, दोन्ही बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या जाती. वास हवा तर एकेरी घ्या. एकदा फुललेला निशिगंधाचा कंद पुन्हा फुलत नाही, पुढची फुलं त्याच्या बाजूला फुटलेल्या लहान कंदांना, म्हणजे पिल्लांना येतात, हे ठाऊक असलं की दुसऱ्या वर्षी निराशा होत नाही. ट्यूलिपच्या नादी लागू नका; त्याला लागणारी आठवडेच्या आठवडे थंडी कोल्हापुरात कुठून आणणार?

शेणखत पुरतं कुजलेलं हवं. ओलं, गरम शेण कंदाला लागलं की सड आलीच.

कंद किती खोल लावायचा, यात मात्र घाई नको. निशिगंध दोन इंच खाली, उन्हात. फुटबॉल लिलीची मान मातीच्या पातळीला, अ‍ॅमॅरिलिसचा वरचा तिसरा भाग मातीबाहेर. सगळेच खोल पुरले की फूल रुसतं आणि सडही लवकर लागते. भुईचंपा आणि फुटबॉल लिलीला आंब्या-चिकूखालची विरळ सावली मानवते. लावल्यावर एकदा भरपूर पाणी, मग कोंब दिसेपर्यंत बेतानं. उन्हाळ्यात उसाचं पाचट अंथरा, माती तापत नाही. पण पाऊस लागला की ते उचलायचंच, नाहीतर त्याच्याखाली ओल कोंडते आणि वर केलेली सगळी मेहनत वाया जाते.

प्रत्येक कंदाशेजारी काठी रोवा. भुईचंपा थंडीत जमिनीवर दिसतच नाही आणि खुरपं नेमकं त्याच्यावर पडतं. फुटबॉल लिली, अ‍ॅमॅरिलिसचे कंद विषारी आहेत, लहान पोरं आणि कुत्री लांब ठेवा.

फूल गेलं की दांडा कापा, पानं कापू नका. दिवाळीच्या सुमाराला फुटबॉल लिलीची पानं पिवळी पडली की तिचं पाणी बंद. निशिगंध दाटला तर काढून पिल्लं वेगळी करा, सावलीत सुकवा.

आणि मिरगाच्या आधी ती चर पुन्हा एकदा उपसा. पाला-मातीनं बुजलेली असतेच. बादलीभर पाणी ओतून ते बाहेर पडतंय का, ते उभं राहून बघा.