कासवाच्या वृषणाची स्लाईड बघून ऋतू कसा ओळखायचा

कासवाच्या वृषणाची स्लाईड, म्हणजे काचपट्टीवरचा रंगवलेला पातळ काप, बघून नर प्रजनन चक्रात कुठे आहे ते कसं ओळखायचं, हे एमएस्सी झूलॉजीची गोव्यातली मुलं दरवर्षी विचारतात म्हणून एकदाच लिहून टाकतो. आधी एक गोष्ट, ऑलिव्ह रिडले हे समुद्री कासव असो की आपल्या शेतातलं, तळ्यातलं फ्लॅपशेल कासव, दोन्ही १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शेड्यूल एकमध्ये, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत आहेत, त्यामुळे पकडून कापायचा विचारसुद्धा नको. मोरजी-आगोंदच्या किनाऱ्यावर मेलेलं दिसलं तर हात न लावता फॉरेस्टवाल्यांना कळवायचं. डिपार्टमेंटच्या जुन्या तयार स्लाईड असतात, त्यावरच शिका.

आता स्लाईड. सुरुवात दहाच्या लेन्सने, लगेच चाळीसवर उडी मारू नका. वृषणात शुक्राणू बनवणाऱ्या नळ्या असतात, त्या जाड आहेत की बारीक, मधली पोकळी मोकळी की भरलेली एवढंच बघा. व्यास मोजायचा तर ज्या नळ्या गोल दिसतात त्याच घ्या, लांबट म्हणजे तिरकी कापली गेलेली, ती आकडा फुगवते.

मग चाळीसवर जा आणि नळीच्या भिंतीपासून आत सरकत या. भिंतीला चिकटून स्पर्मॅटोगोनिया, म्हणजे शुक्राणूंच्या मूळ पेशी, त्याच ओळीत अधूनमधून त्यांना पोसणाऱ्या सर्टोली पेशी. त्यांच्या आत पुढच्या टप्प्यातल्या पेशी, प्रायमरी स्पर्मॅटोसाईट, केंद्रक मोठं आणि आत गुंतलेल्या दोऱ्यासारखं क्रोमॅटिन (केंद्रकातलं डीएनएचं द्रव्य), हे एकदा ओळखता आलं की अर्धं काम झालं. पुढे लहान गोल स्पर्मॅटिड, म्हणजे शुक्राणू होण्याआधीच्या पेशी, मग लांबुळके स्पर्मॅटिड आणि पोकळीजवळ तयार शुक्राणू. प्रायमरी आणि स्पर्मॅटिडच्या मधले सेकंडरी स्पर्मॅटोसाईट फार थोडा वेळ टिकतात, नाही सापडले तरी घाबरू नका.

नळीत फक्त भिंतीलगतच्या पेशी उरल्यात म्हणजे वृषण विश्रांतीत. स्पर्मॅटोसाईटचे जाड थर पण शुक्राणू नाहीत, म्हणजे काम सुरू झालंय. लांबुळके स्पर्मॅटिड आणि शुक्राणू भरपूर, म्हणजे ऐन भर.

इथेच सगळे फसतात, नळी रिकामी म्हणजे नर नापीक असं लिहून मोकळे होतात. थंड प्रदेशातल्या बऱ्याच कासवांत शुक्राणू बनतात उन्हाळ्यात नि शरदात, आणि समागम पुढच्या वसंतात, तोवर माल एपिडिडिमिसमध्ये, म्हणजे वृषणाला लागून असलेल्या वेटोळ्या नळीत साठवलेला. चिनी सॉफ्टशेल कासवात साधारण मे ते ऑक्टोबर उत्पादन आणि मग पुढच्या वसंतापर्यंत साठवण. म्हणून वृषणासोबत एपिडिडिमिसची स्लाईड बघितल्याशिवाय निष्कर्ष लिहूच नका, तिथे नळी गच्च भरलेली दिसली तर नर तयार आहे, वृषण कितीही सुकलेलं असू दे. समुद्री कासवांत मात्र समागमाच्या आधीच उत्पादन होतं, त्यामुळे एका जातीचा महिन्यांचा तक्ता दुसरीला लावता येत नाही.

स्लाईडच्या लेबलवर कासवाची जात, महिना आणि ठिकाण तिन्ही हवं. पेट शॉपमधलं लाल कानाचं स्लायडर कासव मूळ अमेरिकेचं, पणजीतल्या टाकीत वाढलेल्याला तिकडची थंडी कधी लागतच नाही, आणि हे चक्र बरंचसं तापमानावर चालतं, मग पुस्तकातला महिना इथे कसा जुळणार?

आणि पावसाळ्यात स्लाईडचा डबा सिलिका जेलशिवाय ठेवू नका, जून-जुलैत बुरशी आली की स्टेन, म्हणजे कापाला दिलेला रंगही जातो आणि वर्षाची मेहनतही.